निरंक साहेब

आभाळातून पडणारं रॉकेट उघड्या डोळ्यांनी पाहून त्याची सेकंदासकट नोंद देणारा माणूस अख्ख्या गारखेड्यात मी एकटाच हाय. आणि 'ह्या माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये' असा पंचनामा बी अख्ख्या गारखेड्यात माझ्या एकट्याचाच झालाय, त्याच्याखाली सही बी माझीच हाय.

दोन्ही कागद एकाच माणसानं लिव्हले. त्यांचं नाव सांगत नाय. गल्लीत त्यांना समदे निरंक साहेब म्हणायचे, तोंडावर नाय, पाठीमागं. मी तोंडावर बी म्हणायचो, कारण माझ्या तोंडाला पाठ-पोट कळत नाय.

मी टाक्या धुतो. गच्चीवरच्या, पाण्याच्या. आमच्या गावात नळाला पाणी येतं आठवड्याला, त्यामुळं माणसं देव्हाऱ्यापेक्षा टाकीला जपतेत. मी आत उतरतो, गाळ काढतो, घासतो. दिवसाचा निम्मा वेळ टाकीच्या पोटात जातो. आत बोललं की लई छान घुमतं, त्यामुळं मला बोलायची खोड लागली. बायको म्हणती, "रिकामं असतं तेच घुमतं. टाकी काय अन् तुमचं डोकं काय."

शाळेत मी किती दिवस गेलो ते बोटावर मोजता येईल, पण मोजायला शिकायच्या आतच शाळा सुटली म्हणून पक्कं सांगत नाय.

तर एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या टायमाला, साहेबांच्या टाकीतून मी मुंडकं बाहेर काढलं. बघतो तर समोर गच्चीवर खाट, खाटेवर एक वाळका उंच म्हातारा उताणा, छातीवर दुर्बीण, हातात स्टॉपवॉच.

"हलू नका," म्हातारा म्हणला.

मला वाटलं साप हाय. मी हललो नाय. पाच-सात मिनिटं नुसतं मुंडकं बाहेर काढून, तोंडावर गाळ, मनातल्या मनात समदे देव मोजून झाले.

"झालं. या बाहेर," साहेब उठून बसले. "तुमचं डोकं उत्तरेला साडेतीन बोटं होतं. बरं झालं हलला नाहीत, नाहीतर नोंद बिघडली असती."

"काय गेलं साहेब? साप?"

"काही गेलं नाही. निरंक." असं म्हणून त्यांनी उशीखालून कागद काढला अन् सरसर लिव्हलं. "सही येते?"

"काढता येती."

"काढा. पंच क्रमांक एक."

मी सही काढली. मग इचारलं, साहेब, ह्याच्यात काय लिव्हलंय? माणूस पंच म्हणून सही करतो तवा नंतरच इचारतो. साहेबांनी वाचून दाखवलं : 'आज रोजी सायंकाळी आम्ही पंच समक्ष गच्चीवर हजर असताना आकाशातून कोणतीही वस्तू पडताना दिसली नाही.'

म्हणलं, हे तर मला टाकीत बसून बी सांगता आलं असतं.

साहेब जमीन मोजणीच्या खात्यात होते. शेताच्या हद्दी मोजायच्या, खुणा रोवायच्या, दोन भावांच्या मधी उभं राहून दोघांच्या शिव्या खायच्या, ह्यात उमर गेली. खात्यात महिन्याच्या तक्त्यावर जिथं सांगण्यासारखं काही नसतं तिथं 'निरंक' लिव्हतेत. साहेबांनी तो शब्द रिटायर होताना घरी आणला. त्यांच्या मंडळी, म्हणजे आमच्या काकू, भाजी कशी झाली म्हणून इचारायच्या, तर म्हणायचे, "तक्रार निरंक."

हा आभाळाचा नाद त्यांना लागला नोकरीच्या शेवटच्या साली. त्यांचं मूळ गाव सोयगावकडं. तिकडंच एका गावात दोन भाऊ, मधी बांध. वीस वर्षं दोघं बी बांध कोरू राह्यले, हा नांगरताना वीतभर इकडून, तो वीतभर तिकडून. एक दिवस सकाळी बघतेत तर बांधावर काळा लोखंडी गोळा पडलेला. घागरीएवढा, जळका, जमिनीत हातभर रुतलेला. गावात बोभाटा झाला, आता पोलीस येणार, जबाब घेणार. झालं! ज्या भावांनी वीस वर्षं बांध आपल्याकडं वढला, ते त्या दिवशी बांध एकमेकाकडं ढकलू लागले. "दादा, जमीन तुझीच हाय, आपल्या बापानं मला कवाच सांगितलं होतं." "नाय रं बाबा, धाकट्याचा मान पहिला." साहेब सांगायचे, "माझ्या उभ्या नोकरीत शेतकरी शेत दुसऱ्याचं आहे म्हणताना तेवढा एकदाच ऐकला."

साहेबांना मोजायला बोलावलं. साखळी टाकली. गोळा निघाला बरोब्बर बांधाच्या मधोमध. दोघं भाऊ बी खाली बसले. साहेबांनी पंचनामा लिव्हला. वस्तू : एक. रंग : काळा. कोठे : बांधावर. आणि 'कोठून आली' ह्या रकान्यापाशी पेन थांबलं. कुणी पाह्यलं नव्हतं. गोळा कुठं गेला, कुणी नेला, त्याचं पुढं काय झालं, साहेबांना काही घेणंदेणं नव्हतं. त्यांच्या जिवाला लागला तो रिकामा रकाना.

"पस्तीस वर्षांत एकही रकाना मी मोकळा सोडला नाही, पंच," ते म्हणायचे. "तेवढा एक राहिला."

रिटायर झाले अन् वर बघायला लागले.

त्यांनीच मला समजावलं. वर मेलेली यानं अन् रॉकेटांची टरफलं फिरत राहतेत. वरचा पातळ वारा दर फेरीला त्यांचा बांध कोरतो, वीत-वीत. कोरता कोरता एक दिवस यान खाली येतं अन् जळतं. जगात कितीतरी हौशी माणसं त्याचा हिशोब ठेवतेत. पण कवा पडणार हे कुणाला नेमकं सांगता येत नाय. आज दुपारी चार, मागंपुढं आठ तास. अन् तेवढ्या वेळात ते पृथ्वीला दहा-अकरा फेऱ्या मारतं.

मी म्हणलं, "म्हणजे आपल्या नळाच्या पाण्यासारखं."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "पंचाला मत नसतं," म्हणले. पण नंतर कागदाच्या मागं बारीक अक्षरात काहीतरी लिव्हून घेतलं.

त्यांचा एक सोबती होता, न्यूझीलंडकडचा मेंढरंवाला. तो बी असाच मेंढरं वळता वळता वर बघायचा. तोंड दोघांनी एकमेकाचं कधी पाह्यलं नाय, नुसते ईमेल. साहेब त्याला इंग्रजीत निरंक कळवायचे अन् तो तिकडून धन्यवाद द्यायचा. मी म्हणायचो, साहेब, काही दिसलं नाय ह्याचे कुणी धन्यवाद देतं का? तर म्हणायचे, "दिसलं नाही हे दिसल्याइतकंच खरं असतं. इथून गेलं तेव्हा शाबूत होतं, म्हणजे पुढं कुठंतरी पडलं. त्याचा शोध तेवढा कमी झाला."

आभाळ मोजायला त्यांच्याकडं मूठ होती. हात ताठ सरळ करून मूठ धरली की दहा अंश, एक बोट म्हणजे दोन. मोबाईल टावर, लिंबाचा शेंडा, शेजारच्यांची टाकी, समद्यांची मुठीत मापं घेऊन ठेवलेली. अन् ही सवय खाली रस्त्यावर बी सुटत नसायची. एकदा गुलमंडीच्या बाजारात काळं कापड घ्यायला गेलो, गच्चीवर आजूबाजूच्या बल्बांचा उजेड अडवायला. दुकानदार वरच्या फळीवरचा तागा काढू राह्यला. साहेबांनी तागा किती उंचावर हाय म्हणून एक डोळा झाकला अन् मूठ सरळ त्याच्या नाकासमोर धरली.

"क्या चचा," दुकानदार मागं सरला, "कपडा दिखाया तो मारते क्या?"

साहेब म्हणले, "हिलो मत. तुम साडेचार बोट हो."

मी मधी पडलो. म्हणलं भाई, घुस्सा नको करू, साहेब आभाळ मोजतेत. तो म्हणला, "तो आसमान में जाको मापो ना बावा, मेरी दुकान कायकू." शेवटी त्यानं कापड दिलं, पण फाडताना कात्री साहेबांच्या बाजूला धरून फाडलं. माझ्या बाजूनं सांगायचं तर मी मधी पडलो म्हणतो खरं, पण आधी दुकानाबाहेर जाऊन चप्पल घालून आलो होतो. पळायला बरं.

आणि नोटिसा! शेत मोजायच्या आधी लगतच्या खातेदारांना नोटीस द्यावी लागती. साहेबांचं म्हणणं, कायदा तो कायदा. एखादं यान गावावरून जाण्याची शक्यता असली की गल्लीतल्या दहा घरांच्या फाटकावर हातानं लिव्हलेली नोटीस लागायची : 'सदर वस्तू आपल्या हद्दीवरून जाण्याचा संभव आहे. कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावे.' वाटायला मी जायचो. उलटी लावायचो, वाचता येत नाय तर काय. लोक मान तिरकी करून वाचायचे.

एकदा खरंच हरकत आली. समोरच्या ताईंची. 'आमच्या गच्चीवर कुरडया वाळत आहेत, तरी यान मागच्या गल्लीवरून न्यावे.' समदी गल्ली हसली. साहेब हसले नाय. त्यांनी ताईंना बोलावून, पाणी देऊन, रीतसर सुनावणी घेतली. निकाल दिला : 'हरकत मान्य. वस्तू ऐकण्याच्या स्थितीत नसल्याने अर्जदाराने कुरडया झाकाव्यात.' ताईंनी झाकल्या.

काकू मात्र गच्चीवर कवाच यायच्या नाय. पंच दोन लागतेत म्हणून साहेबांनी त्यांना इचारलं होतं. त्या म्हणल्या, "तुमच्या नावाचं मंगळसूत्र एकदा घातलं ते बास झालं. आता सही मागू नका." म्हणून दर पंचनाम्यात पंच क्रमांक दोनपुढं 'उपलब्ध नाही' असायचं, अन् काकू खाली स्वयपाकघरात भांडी आदळून आपण उपलब्ध हाय हे कळवायच्या.

अशी अकरा वर्षं. त्यातली सहा माझी. दर वेळी निरंक. कपाटात गठ्ठे.

माझ्या सातव्या साली एक दिवस साहेब दुर्बीण लावून म्हणले, "पंच, आलं. फारच हळू चाललंय."

मी बघितलं. टावरचा लाल दिवा होता.

"चाललंय का अजून?"

चार मिनिटं ते त्या दिव्याला बघत होते. माझ्या जिभेवर दहा चेष्टा आल्या. एक बी बाहेर पडली नाय.

खाली उतरलो तर काकूंनी जिन्यात अडवलं. "कळलं ना तुला? दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू हाय. डाक्टर म्हणले लवकर काढा, लई पिकू देऊ नका. तर ह्यांचं एकच. त्या आठ दिवसात नेमकं पडलं तर? एकदा दिसू दे, मग डोळ्याला हात लावा म्हणतेत. अकरा वर्षात दिसलं नाय ते आता आंधळं होऊन दिसणार हाय का?"

काकूंचा आवाज कधी खाली यायचा नाय. त्या दिवशी आला.

माझ्या डोक्यात उजेड पडला, अन् माझ्या डोक्यात उजेड पडला की लोकांच्या घरात अंधार होतो. म्हणलं सोप्पं हाय. साहेबांना एकदा 'दिसलं' म्हणून सांगायचं. रकाना भरला, साहेब खूश, डोळे बरे. खोटं बोलायला काय टाकी धुवायला लागती?

पुढच्याच नोटिशीच्या संध्याकाळी साहेब चष्मा पुसत असताना मी वरडलो, "साहेब! गेलं, गेलं!"

साहेब गर्रकन वळले. चष्मा खाली. "कुठं?"

"इकडून तिकडं! गेलं बी!"

त्यांनी उशी उचलली. कागद घेतला, म्हणले, "बोला पंच. सावकाश." तिथंच मी थांबायला पाह्यजे होतं. पण कुणी माझं लिव्हून घेतंय म्हणल्यावर माझं तोंड नळासारखं सुटलं. म्हणलं, साहेब, हिरवं, निळं, लाल. म्हणलं धडाड धडाड आवाज. म्हणलं, दिवाळीतल्या बाणासारखं वर गेलं अन् मग चक्री होऊन फिरलं. म्हणलं, एक तुकडा तर दौलताबादच्या किल्ल्यामागं पडताना मी डोळ्यानं पाह्यला.

साहेबांनी समदं लिव्हलं. खाली उतरून काकूंना म्हणले, "डाक्टरला फोन लाव." काकूंनी माझ्याकडं बघितलं, अन् मला चहासंगं दोन लाडू आले. एक मी तिथंच खाल्ला, एक खिशात ठेवला. लाडू कसा लागला ते आता आठवत नाय, पण लाज नव्हती लागली एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी मेंढरंवाल्याचा ईमेल आला. ते यान आमच्या संध्याकाळच्या तीन तास आधीच, पार तिकडच्या समुद्रात पडलं होतं. एका जहाजावरच्या लोकांनी पाह्यलं. त्यानं लई नम्रपणे इचारलं होतं, तुमच्या पंचाला आवाज कसा ऐकू आला? एवढ्या उंचावरून आवाज यायला मिनिटं लागतेत.

साहेबांनी मला बोलावलं. रागावले नाय. तेच वाईट. खुर्ची दिली, कागद काढला अन् वाचत वाचत लिव्हलं : 'पंच क्रमांक एक यांनी न पाहिलेली वस्तू पाहिल्याचे सांगितले. यापुढे त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये.' अन् पेन माझ्याकडं सरकवलं.

"मीच सही करू?"

"तुमच्याविषयी आहे. तुम्ही समक्ष हजर आहात. दुसरा कोण करणार?"

केली. मग भीत भीत इचारलं, "साहेब, आता डोळ्याचं आपरेशन रद्द का?"

"रद्द? उलट पंच असा निघाल्यावर डोळे मलाच लागणार ना?" साहेब म्हणले. "तुमच्या डोळ्यांवर भागलं असतं तर मी केलंच नसतं."

म्हणजे माझं खोटं लागू पडलं होतं. फक्त मी ज्या बाजूनं मारलं होतं त्या बाजूनं नाय. त्या दिवसापासून ते मला 'पंच' म्हणायचे बंद झाले. 'टाकीवाले' म्हणू लागले. मला कुणी शिव्या दिल्या तर झोंबत नाय, रोजचंच हाय. 'टाकीवाले' लई झोंबलं, अन् मी टाकीवालाच होतो.

एका डोळ्याचं आपरेशन झालं. डाक्टरांनी सांगितलं, काही दिवस जिना चढायचा नाय, वाकायचं नाय, धक्का लागू द्यायचा नाय, काळा चष्मा काढायचा नाय. आणि चौथ्या दिवशी मेंढरंवाल्याचा ईमेल : एक मोठं रॉकेटचं टरफल आज उतरणार, अन् हिशोबात जी वाट निघती ती बरोबर मराठवाड्यावरून, दिवेलागणीला.

साहेब जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. मग काकूंनाच त्यांची दया आली. म्हणल्या, "अंगणात बसा. वर ह्याला पाठवू. दिसलं तर हाक मारंल, मग दोन पावलं पुढं होऊन बघा. जिना नको."

साहेब लगेच उठले. पोर्चमधली खुर्ची ते अंगणातलं मोकळं आभाळ, नऊ पावलं. काकूंनी हात धरून, काळा चष्मा लावून, अकरा सेकंद. आम्ही तीनदा तालीम केली. मी वरून "साहेब!" वरडायचो, साहेब काकूंचा हात धरून निघायचे, अकरा सेकंदात आभाळाखाली.

"अशी वस्तू मिनिटभर तरी दिसते," साहेब म्हणले. "अकरा गेले तरी पुष्कळ उरतात. तुम्ही फक्त ओरडा. ओरडणं तर येतं ना?"

"साहेब, त्याच्यातच तर माझी उमर गेली."

"आणि टावरपाशी आलं की हे बटण दाबायचं. तुम्ही पंच नाही. नुसतं बटण."

वर गेलो. त्या दिवशी आठ दिवसांनी नळाला पाणी आलेलं. गल्लीत मोटारींचा घूं घूं, समद्यांच्या माना खाली, पिंपात, बादलीत, पायपात. आभाळ जांभळं झालेलं. मी स्टॉपवॉच मुठीत धरून उभा.

अन् ते आलं.

शेजारच्यांच्या टाकीमागून निघालं. म्हणलं इमान असंल. पण इमानाचे दिवे लुकलुकतेत, हे लुकलुकत नव्हतं. शेगडीतला कोळसा फुंकल्यावर जसा पेटतो तसा रंग, मागं लांब शेपूट, अन् शेपटात बारीक बारीक तुकडे. आवाज काय बी नाय. अन् हळू. एवढं हळू की मला वाटलं, आता थांबंल अन् पत्ता इचारंल. टावरपाशी आलं, माझा अंगठा आपोआप दाबला गेला. तुकडे एकामागं एक, वळीनं, कुणी कुणाला ढकलत नाय, कुणी मधी घुसत नाय. टँकरच्या लायनीत मी असं कधी पाह्यलं नाय. सात मोजले. मग मोजायचं राह्यलं. लिंबाच्या शेंड्यापाशी एक एक करत इझलं.

मग मला आठवलं, वरडायचं होतं.

देवाशपथ सांगतो, जन्मल्यापासून माझं तोंड बंद पडलं ते तेवढं एक मिनिट. न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली बी मी बोलतो. झोपेत बोलतो. माझ्या लग्नात भटजीपेक्षा मी जास्त बोललो. अन् ज्या एका मिनिटात मला फक्त एक शब्द बोलायचा होता, त्या मिनिटात मी तोंड उघडं टाकून उभा. उघडं होतं ना तोंड! आवाज तेवढा घालायचा राह्यला. अन् खाली, पत्र्याच्या पोर्चखाली, नऊ पावलांवर, साहेब कानात प्राण आणून बसलेले.

जिना उतरायला लागलो. इचार केला, खरं सांगितलं तर म्हातारा मोडंल. अकरा वर्षं, अन् माझ्यापायी गेलं. काही पडलंच नाय म्हणलं तर काय बिघडतं? निरंकची तर त्यांना सवय हाय.

"काय?" साहेब म्हणले.

"निरंक."

साहेबांनी मान हलवली. काळ्या चष्म्यातून चाचपत कागद घेतला, लिव्हलं. पंच क्रमांक दोन उपलब्ध नाही. पंच क्रमांक एकपाशी थांबले. मग म्हणले, "आज दुसरं कोणी नाही. काढा सही."

पेन धरलं. ह्या सहीला मी सहा वर्षात कधी इचार केला नव्हता, टाकीचं झाकण लावल्यासारखी करायचो. त्या दिवशी हात चालंना.

"नाय करत."

"का रं, हात मोडला का?" काकू म्हणल्या.

"साहेब, गेलं ते. मी पाह्यलं. मला वरडताच आलं नाय."

शेजारी कुणाचं तरी पिंप भरून वाहू लागलं, त्याचा आवाज येत राह्यला. मग काकूंनी माझा उद्धार सुरू केला. "दिवसभर भोंग्यावाणी वाजतोस मुडद्या, अन् आज तुझ्या बोंबलण्याचं काम होतं तर—"

साहेबांनी हात वर केला. नवा कागद घेतला. "किती मुठी वर?"

मी हात ताठ केला. "टावरच्या डाव्या टोकापासून दोन मुठी, एक बोट."

"रंग?"

"शेगडीतल्या कोळशाचा. एकच."

"आवाज?"

"नाय."

"आवाज अजिबात नाही?"

"नाय साहेब. मला बी तेच वाईट वाटलं."

"किल्ल्यामागं काही पडलं?"

"काय बी पडलं नाय. लिंबापाशी इझलं."

साहेबांचं पेन थांबलं. "स्टॉपवॉच कुठं आहे?"

माझ्या मुठीतच. घामानं भिजलेलं, अन् अजून चालू. मी म्हणलं, चुकलो, परत दाबायचं इसरलो. साहेबांनी झडप घातली. मोबाईलची वेळ बघून त्यांनी ते थांबवलं अन् मागं मोजत गेले. "विसरलात ते देवाची कृपा. हीच पद्धत आहे. तुम्ही हुशारी करून थांबवलं असतं तर वेळ गेली असती."

त्या रात्री कागद मेंढरंवाल्याकडं गेला. सकाळी उत्तर आलं. जालन्याकडून, अजून कुठून कुठून लोकांचे मोबाईलवरचे व्हिडिओ आले होते, पण वेळ कुणाचीच धड नव्हती. आमची सेकंदाला लागली होती. त्यानं इचारलं होतं, एवढी साधी, तिखट-मीठ न लावता दिलेली साक्ष देणारा माणूस कोण? साहेबांनी मला वाचून दाखवलं. मी म्हणलं, कळवा ना, टाकीवाला. साहेब म्हणले, "कळवलं. पंच क्रमांक एक."

नंतर दुसऱ्या डोळ्याचं बी झालं. साहेब अन् काकू घर पोरीवर सोपवून सोयगावकडं गावी राह्यला गेले. तिकडं आभाळ काळंभोर हाय, बल्ब नाय, टावर लांब. मी फोन करतो. "साहेब, काल?" "निरंक," ते म्हणतेत. चष्म्याशिवाय म्हणतेत, हे त्यांना लई सांगायचं असतं. स्वतःच्या डोळ्यानं त्यांनी अजून एक बी पडताना पाह्यलं नाय. त्या बांधावरच्या गोळ्याच्या 'कोठून आली' पुढं काय लिव्हलं असतं, ते आता मला ठाव हाय अन् त्यांना माझ्याकडून ठाव हाय. हे मला बोचतं. त्यांना बोचत असंल तर फोनवर कळू देत नाय.

परवा मी धीर करून म्हणलं, "साहेब, तो दुसरा कागद, इश्वास ठेवू नये वाला, आता फाडून टाका ना. शेवटी मी खरं बोललो का नाय?"

साहेब काही बोलायच्या आत काकूंनी फोन वढून घेतला.

"आधी निरंक म्हणलास ना रं? खोटं पचलं नाय म्हणून ओकलास. ओकण्याला खरं बोलणं म्हणत नसतेत. कागद ऱ्हाऊ दे."